समुद्रात हरवलेल्या खलाशांचे स्मरण : महायुद्धांतील कोकणी खलाशी आणि गावाच्या स्मृतीचा प्रश्न

प्रस्तावना

महाड-पोलादपूर हा सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ टापू वीरस्मरणाच्या दृष्टीने संपन्न आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. त्याच तालुक्यातील, घाटमाथ्यालगतचे कुडपण हे स्थानिक परंपरेनुसार शेलारमामांचे गाव होय. सिंहगडाची लढाई १६७० साली झाली. त्यानंतर साडेतीन शतके लोटली, तरी या गावांना आपल्या माणसांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाने तर सैनिकी सेवेची परंपरा आपल्या नावातच जपली आहे.

याच टापूतून सावित्री नदी वाहते. महाबळेश्वरी उगम पावून ती पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीत उतरते आणि अरबी समुद्रास मिळते. तिच्या वरच्या अंगास किल्ले व घाटवाटा, तर खालच्या अंगास बंदरे आहेत. डोंगरातील तरुण पलटणीत, गिरणीत किंवा गोदीत जात. खाडीकाठचे आणि किनाऱ्यावरचे तरुण जहाजावर जात. दोन्ही महायुद्धांत पलटणीत मेलेल्यांची आठवण कोठे ना कोठे दगडावर कोरली गेली. जहाजावर मेलेल्यांची मात्र अशी खूण त्यांच्या गावात सहसा आढळत नाही.

असे का घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या खलाशांची नोंदच झाली नाही, असा सर्वसाधारण समज असतो. तो पूर्णतः बरोबर नाही. हजारो नावे लिहिलेली आहेत, जपलेली आहेत आणि आज कोणासही पाहता येतात. उणीव आहे ती वेगळीच. ही नावे ज्या गावांची आहेत, त्या गावांपर्यंत ती पोहोचलेली नाहीत. नोंद आणि स्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

'लष्कर' आणि 'लॅस्कर'

ब्रिटिश जहाजांवरील आशियाई खलाशास इंग्रजीत 'लॅस्कर' म्हणत. हा शब्द मूळ फारसी 'लष्कर' या शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला. मराठीत लष्कर म्हणजे सैन्य; परंतु ज्यांना इंग्रजांनी हे नाव दिले, ते कायद्याच्या दृष्टीने सैनिक नव्हते. ते खासगी कंपन्यांचे ठरावीक मुदतीचे करारबद्ध नोकर होते. त्यांच्या स्मरणाचा प्रश्न समजून घेताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार लॅस्कर काम करीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील एकूण मनुष्यबळात त्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. मुंबई आणि कलकत्ता ही भरतीची दोन मुख्य केंद्रे होती. मुंबईत भरती होणाऱ्यांत रत्नागिरी व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान आणि हिंदू दर्यावर्दी, गुजरात-काठियावाडचे खलाशी, वायव्येकडील पंजाबी व पठाण आणि गोव्याचे ख्रिस्ती खानसामे व वाढपी असत. कामाची विभागणीही बव्हंशी प्रदेशवार होती. डेकवर सारंग, तांडेल, सुकाणी व खलाशी. इंजिनखोलीत आगवाले व कोळसेवाले. आणि प्रवाशांच्या सेवेत गोवेकर, अशी ही रचना होती.

भरती सारंगामार्फत किंवा दलालांमार्फत होई. काम मिळण्यासाठी लाच द्यावी लागे आणि खलाशी कर्जात अडके. या पद्धतीवर १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरने टीका केली होती. मुंबईच्या खलाशी संघटनेत काम केलेले आणि पुढे कन्नड कवी म्हणून प्रसिद्धी पावलेले दिनकर देसाई यांनी १९४० साली 'मेरिटाइम लेबर इन इंडिया' हा ग्रंथ लिहून या कामगारांच्या स्थितीचे विवेचन केले. युरोपीय खलाशाच्या तुलनेत भारतीय खलाशाचे वेतन एक तृतीयांश ते एक पंचमांश इतकेच असे. १९३९ साली युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी अनेक बंदरांत जहाजावर जाण्यास नकार देऊन वेतनवाढ मागितली. त्यात अनेकांना तुरुंगवास घडला, परंतु वेतनात वाढ झाली. आपण कोणत्या धोक्यात उतरत आहोत आणि त्याचे मोल काय, याची त्यांना पुरती जाणीव होती, हे यावरून दिसते.

हानीचे स्वरूप

पहिल्या महायुद्धात ३,४२७ लॅस्कर मृत्युमुखी पडले आणि सुमारे १,२०० शत्रूच्या कैदेत गेले, असे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. दुसऱ्या महायुद्धासाठी सुमारे ६,६०० मृत, १,०२२ जखमी आणि १,२१७ युद्धकैदी हे आकडे दिले जातात. जर्मनीत ब्रेमेनजवळच्या मिलाग नोर्ड या व्यापारी खलाशांच्या कैदछावणीत भारतीय खलाशीही होते.

मृत्यूचे प्रमाण जहाजावरील कामाच्या जागेवर अवलंबून असे. पाणतीराचा तडाखा बहुधा पाण्याच्या पातळीखाली, इंजिनखोलीच्या आसपास बसे. तेथे पाळीवर असलेल्या आगवाल्यास व कोळसेवाल्यास वर येण्यास अवधीच मिळत नसे. जे बोटींत चढत, त्यांनाही उत्तर अटलांटिकच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी तग धरणे कठीण जाई. १७ सप्टेंबर १९४० रोजी बुडालेल्या 'सिटी ऑफ बनारस' या जहाजाची आठवण इंग्लंडमध्ये मुख्यतः त्यावरील ७७ मृत बालकांमुळे निघते. त्याच जहाजावर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते आणि त्यांतील बरेच मरण पावले, हा तपशील कथनात मागे पडतो.

युद्ध दूर कोठे तरी अटलांटिकमध्ये झाले आणि कोकणाचा किनारा त्यापासून अलिप्त राहिला, असेही नाही. 'वुल्फ' या जर्मन जहाजाने १९१७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले होते. त्यांपैकी एकावर आदळून पी अँड ओ कंपनीचे 'मंगोलिया' हे जहाज २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यासमोरील समुद्रात, बुडाले. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ या एकाच महिन्यात, सिंदिया कंपनीची 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' ही तीन जहाजे जपानी पाणबुड्यांनी बुडविली. वालचंद हिराचंद यांच्या नेतृत्वाखालील या भारतीय कंपनीची ही जहाजे होती. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'तिलावा' हे जहाज आय-२९ या जपानी पाणबुडीने बुडविले. जहाजावरील ९५८ जणांपैकी २८० प्रवासी व खलाशी मरण पावले.

नावे कोठे आहेत

युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणाचे काम १९१७ साली स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आले. ही संस्था आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखली जाते. हुद्दा, वंश व धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण व्हावे, हे तिचे घोषित तत्त्व होते. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा व्यापारी खलाशांसाठी लंडनमध्ये टॉवर हिल येथे १९२८ साली स्मारक उभारले गेले आणि दुसऱ्या महायुद्धातील मृतांसाठी १९५५ साली त्याचा विस्तार झाला. तेथे दोन्ही युद्धांतील मिळून सुमारे ३६ हजार नावे आहेत. भारतीय खलाशांसाठी मात्र वेगळी व्यवस्था करण्यात आली.

पहिल्या महायुद्धातील अविभाजित भारताच्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरील जवळजवळ सहा हजार नाविकांची नामावली ग्रंथरूपाने तयार करण्यात आली. तिची एक प्रत मुंबईस आणि दुसरी चितगावला ठेवण्यात आली. कलकत्त्यास हुगळीच्या काठी १९२४ साली उभारलेले लॅस्कर स्मारक बंगाल व आसाममधील ८९६ खलाशांच्या स्मरणार्थ आहे.

नोंदीचे निकषही समजून घेतले पाहिजेत. सैनिक युद्धकाळात सेवेत असताना कोणत्याही कारणाने मरण पावला, तरी तो युद्धमृत मानला जाई. व्यापारी खलाशाच्या बाबतीत मात्र शत्रूच्या कृतीने किंवा युद्धजन्य कारणाने मृत्यू आला असेल तरच त्याचे नाव यादीत जाई. परदेशी बंदरात क्षयाने वा न्यूमोनियाने दगावलेला खलाशी या गणनेबाहेर राहू शके. कमिशनने नेमलेल्या विशेष समितीने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पहिल्या महायुद्धानंतर आशियाई व आफ्रिकी मृतांच्या स्मरणात समानतेचे तत्त्व पाळले गेले नाही, हे मान्य केले. ४५ ते ५४ हजार व्यक्तींचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार व्यक्तींचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असा या अहवालाचा निष्कर्ष आहे.

विस्मरणाची कारणे

विस्मरणाचे पहिले कारण नोंदीच्या स्वरूपातच आहे. नामावलीत खलाशाचे नाव, काम, जहाज आणि मृत्यूचा दिनांक असतो. गावाचा उल्लेख सर्वत्र असतोच असे नाही. अनेक नावे केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव अशी, आडनावाविना लिहिलेली आहेत. ती परक्या कारकुनाने कानावर पडली तशी रोमन लिपीत उतरविली. घरच्यांना ती दाखविली तरी ती आपल्याच माणसाची आहेत, हे चटकन ध्यानात येणे अवघड.

दुसरे कारण भरतीच्या पद्धतीत आहे. पलटणीची भरती ठरावीक प्रदेशांतून होई, एका गावची माणसे एका तुकडीत राहत आणि त्यांचा इतिहास पलटण लिहून ठेवी. जहाजावरील नेमणूक मात्र एका फेरीपुरती असे. प्रवास संपला की करार संपे आणि पुढच्या वेळी जहाज व सोबती दोन्ही बदलू शकत. या माणसांचा इतिहास जपणारी पलटणीसारखी संस्था त्यांच्यामागे नव्हती.

तिसरे कारण राजकीय आहे. स्वातंत्र्योत्तर काळात साम्राज्याच्या युद्धात मेलेल्यांना राष्ट्रीय इतिहासात कोणते स्थान द्यावे, हा पेच सैनिकांच्या बाबतीतही होता. खलाशांच्या बाबतीत तर तो विचारातही घेतला गेला नाही. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावाचे स्मारक मुंबईत कुलाबा येथे आहे आणि ते यथोचित आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या 'खुकरी' या युद्धनौकेचे स्मारक दीव येथे आहे. राष्ट्रीय सागरी दिन १९६४ पासून ५ एप्रिलला पाळला जातो. १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले होते. म्हणजे त्या दिवसाचा मूळ संदर्भ भारतीय जहाजवाहतुकीच्या उदयाचा आहे. युद्धात बुडालेल्या खलाशांसाठी स्वतंत्र दिवस नाही. ब्रिटनमध्ये २००० सालापासून ३ सप्टेंबर हा व्यापारी नौदल दिन म्हणून पाळला जातो.

जनस्मृती टिकविण्यासाठी ठिकाण आणि ठरावीक दिवस किती उपयोगी पडतात, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशामक जवान मरण पावले आणि तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. तेही युद्धकाळातील मरण होते आणि तेही एका व्यापारी जहाजावरील आगीतून ओढवले होते. परंतु त्याला गोदीसारखे ठिकाण, एक तारीख आणि स्मरण चालू ठेवणारे एक दल लाभले.

देहाविना स्मरण : परंपरेतील तरतूद

समुद्रात हरवलेल्या माणसाचे स्मरण आपल्या संस्कृतीला अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही. बोरिवलीजवळील एकसर येथील मध्ययुगीन वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. ते युद्ध नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी समुद्रावर पडलेल्या वीरासाठी जमिनीवर दगड उभा करण्याची प्रथा त्यावरून सिद्ध होते.

धर्मशास्त्रानेही देह न मिळालेल्या मृताचा विचार केला आहे. हिंदू परंपरेत पळसाच्या पानांची प्रतिकृती करून पालाशविधी करतात. तिथी ज्ञात नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आणि शस्त्रादिकांनी मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी आहे. मुसलमान समाजात मृतदेह समोर नसताना पढावयाच्या गायबाना जनाज्याच्या नमाजाची प्रथा आहे. मात्र तिच्या ग्राह्यतेविषयी पंथांत मतभेद आहेत. कायद्यानुसार सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. जुन्या भारतीय पुरावा अधिनियमातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

या तरतुदींमागील मानवी प्रश्न गंभीर आहे. जहाज बुडाल्याची वार्ता युद्धकाळात गुप्त राखली जाई. माणूस मेला, कैद झाला की दुसऱ्या बंदराला लागला, हे घरी वेळेवर कळत नसे. पत्नीने स्वतःस काय समजावे, मुलांनी कोणत्या दिवशी विधी करावा, जमिनीच्या उताऱ्यावर वारस केव्हा लावावा, अशा प्रश्नांची उत्तरे त्या एका तारखेवर अवलंबून होती. ती तारीख आज नामावलीत छापलेली आहे. ज्या घरात केवळ 'जहाजावर गेला तो परतला नाही' एवढेच सांगितले जाते, त्या घरासाठी जहाजाचे नाव आणि दिनांक हा तपशील क्षुल्लक नाही.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य

कोकणातील महाविद्यालये या बाबतीत महत्त्वाचे कार्य करू शकतात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. निरनिराळ्या विषयांच्या अध्यापकांचे सहकार्य मात्र हवे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नामावली सर्वांसाठी खुली असून स्मारक, जहाज व दिनांक यांनुसार शोधता येते. इतिहास विभागाने त्यावरून जहाजवार याद्या कराव्यात. भाषा विभागांनी रोमन लिपीतील नावांची संभाव्य मराठी, उर्दू व कोकणी रूपे ठरवावीत. एकाच नावाची अनेक लेखने एकत्र आणण्याचे हे काम भाषाभ्यासकाशिवाय होणार नाही. भूगोल व समाजशास्त्र विभागांनी सावित्री, वाशिष्ठी आणि राजपुरी खाड्यांच्या काठच्या गावांत कौटुंबिक साधने तपासावीत. जुनी नोकरीची पुस्तके, पारितोषिक-पदके, मनिऑर्डरच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे कागद, जमातींची दप्तरे आणि मुंबईतील गावमंडळांच्या खोल्यांची नोंदवही ही त्यांतील प्रमुख साधने होत. युद्धकाळात भारतीय खलाशांसाठी निवृत्तिवेतन व स्थानबद्धता-भत्त्याची स्वतंत्र योजना होती. तिच्या कागदांत वारसाचे नाव व गाव मिळण्याचा संभव अधिक आहे.

यात काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. केवळ नामसादृश्यावरून नाते जोडू नये. नाव, वडिलांचे नाव, काम व जहाज यांपैकी किमान तीन बाबी जुळल्याशिवाय ओळख निश्चित मानू नये. कुटुंबाच्या संमतीविना माहिती प्रसिद्ध करू नये. आणि मृतांना त्यांच्या हयातीत नसलेली भूमिका चिकटवू नये. ते साम्राज्यभक्त होते किंवा राष्ट्रवीर होते, असे दोन्ही दावे पुराव्याविना असतील. ते पोटासाठी समुद्रावर गेले, धोका माहीत असूनही पुन्हा पुन्हा गेले, हे सत्य पुरेसे आदरणीय आहे.

असे प्रयत्न निष्फळ ठरत नाहीत, हे 'तिलावा'च्या उदाहरणावरून दिसते. मृतांच्या व वाचलेल्यांच्या वारसांच्या पुढाकाराने, ऐंशी वर्षांनंतर, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत त्या जहाजावरील मृतांचे सामूहिक स्मरण करण्यात आले. 

समारोप

हा विषय केवळ गतकाळाचा नाही. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या व्यापारी जहाजावर क्षेपणास्त्राचा मारा होऊन तीन खलाशी मरण पावले. तेही कोणत्याही सैन्यात नव्हते. भारत आज जगाला खलाशी पुरविणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक असून कोकणातील घरांतून अजूनही तरुण जहाजावर जातात. युद्धात मरणाऱ्या बिगरलष्करी कामगाराचे ऋण कोणी मानावयाचे, हा प्रश्न त्यांच्याही संदर्भात उभा राहतो.

कुडपण आणि उमरठ यांनी आपल्या माणसांची आठवण राखली, कारण तेथे नाव आणि गाव यांची फारकत कधी झाली नाही. सावित्रीच्या खालच्या अंगास नाव मुंबईच्या नामावलीत राहिले आणि गाव खाडीकाठी राहिले. ही दोन टोके जोडणे हे संशोधनाचे काम आहे, आणि ते स्थानिक भाषा, आडनावे व वाड्या-वस्त्या ओळखणाऱ्या अध्यापकांनाच नीट करता येईल. ज्या पिढीने बाप किंवा आजा समुद्रावर गमावला, तिच्यातील फार थोडे लोक आज हयात आहेत. त्यांच्याकडून गाव व घर यांची खात्री करून घेण्याची संधी याच काही वर्षांत आहे. त्यानंतर नामावली तशीच राहील. परंतु तिच्यातील नाव ओळखणारे माणूस गावात उरणार नाही.